मूल्यमापन करा, पण पगारवाढीच्या दिवशी नको

मार्च संपत आला की सोलापुरात अक्कलकोट रोडला काय नि चिंचोळीला काय, बऱ्याच कारखान्यांत कामगारांच्या मूल्यमापनाचे छापील फॉर्म निघतात. पाचपैकी गुण, तासाभरात दहा माणसं उरकायची आणि शेवटी वाढीचा आकडा. याला कृपा करून मूल्यमापन म्हणू नका. माणूस कुठे अडतोय, ती अडचण त्याच्या हातातली आहे की आपल्या, आणि त्याला पुढे काय शिकवायचं, हे कळावं म्हणून ते करायचं असतं.

टॉवेलचा माग घ्या. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. लाइट गेली, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) उशिरा चढला, त्यात ६० मिनिटं गेली. उरलेल्या ४२० पैकी माग ३७८ मिनिटं चालला. ४८० ने भागलं तर ७९ टक्के, म्हणजे विणकर ढिला. ४२० ने भागलं तर ९० टक्के, म्हणजे हात चांगला. सूत हलकं आल्यामुळे ताणा (उभे धागे) सारखा तुटत असेल तर सेकंड, म्हणजे दोष असलेला, मालही वाढणारच. तो विणकराच्या नावावर टाकला की चांगला माणूस शेजारच्या कारखान्यात जातो आणि सूत मात्र तसंच येत राहतं! म्हणून माग बंद राहिल्याची मिनिटं कारणासकट लिहा: लाइट, बीम, ताणा, बाणा (आडवे धागे), जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्याची) वाट. पाच रकाने पुरतात. महिनाअखेर त्यांची बेरीज केली की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

दुसरा घोळ आठवणीचा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत मारलेल्या चार दांड्या साहेबांच्या लक्षात राहतात, वर्षभराची वेळेवरची हजेरी नाही. प्रत्येकाच्या नावाने वहीत एक पान ठेवा, महिन्याला तारखेसह दोन नोंदी करा. ‘काम बरं आहे’ ही नोंद नव्हे; ‘नवीन मुलीला हेमिंग (कड दुमडून शिवणं) शिकवलं’ ही नोंद. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांनी तर मार्चमध्ये मूल्यमापनाला बसूच नये. शाळा जूनमध्ये उघडतात, खरी ओढाताण त्याआधीच्या महिन्यांत होते, जुलै-ऑगस्टमध्ये बसा.

सगळ्यांना रांगेत लावून कुणाला तरी शेवटचा ठरवायची पद्धत मायक्रोसॉफ्टनेही २०१३ मध्ये सोडून दिली. आपल्याकडे पॅकिंगच्या टेबलावर सहा जणी असतात. एकीला खालचा नंबर मिळणारच असेल तर नवीन आलेलीला घडी कोण शिकवेल?

पगाराचा आकडा ऐकायला बसलेला माणूस अडचण सांगत नाही, तो फक्त मान डोलावतो. म्हणून कामाबद्दलचं बोलणं आधी करा, निवांत अर्धा-पाऊण तास, आणि पहिल्यांदा त्याला बोलू द्या. वाढीचं दोन-तीन आठवड्यांनी सांगा. ज्यांना कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस आणि किमान वेतनावरचा विशेष (महागाई) भत्ता लागू आहे, त्यांच्या त्या हक्काला गुणांची कात्री लावू नका.

घरी तेलुगू बोलणाऱ्या कामगाराशी तेलुगूत बोला, सुपरवायझरला येत नसेल तर येणाऱ्याला शेजारी बसवा. कागदावर त्याने बदलायच्या दोन गोष्टी लिहा आणि त्यांच्यासमोर कारखान्याने द्यायच्या दोन: दुरुस्त पंखा, वेळेवर बीम, जे असेल ते. खाली ‘मला हे मान्य नाही, कारण’ अशी मोकळी ओळ सोडा. दोघांच्या सह्या, एक प्रत त्याच्याकडे, आणि सहा आठवड्यांनी तोच कागद घेऊन परत बसायची तारीख तिथेच टाका.