पोलो श्रीमंतांचा म्हणून नको?

अहमदाबादला 2030 चे कॉमनवेल्थ गेम्स मिळाल्यापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चाललाय, यजमानांना दोन नवे किंवा पारंपरिक खेळ सुचवता येतात तर ते कोणते. दादाचं उत्तर तयार, खो-खो आणि कबड्डी. मग भाच्याने सहज लिहिलं की पोलो (घोड्यावर बसून लांब काठीने बॉल मारायचा खेळ) पण चालेल की, मी यूट्यूबवर बघतो, आणि दादा जो सुटला! साहेबांचा खेळ, राजेरजवाड्यांचे चोचले, सामान्य माणसाचा काय संबंध वगैरे वगैरे. सदाशिव पेठेतून तो बोलतोय आणि मी क्वालालंपूरहून वाचतेय, आणि मला राहवत नाहीये.

इथे साउथईस्ट एशियन गेम्स दर दोन वर्षांनी होतात आणि कुठले खेळ ठेवायचे यात यजमान देशाचं बरंच चालतं. 2017 ला मलेशिया यजमान होता तेव्हा पोलो ठेवला होता, 2019 ला फिलिपिन्सनेही ठेवला. ब्रुनेईचा राजपुत्र मतीन 2017 ला स्वतः खेळून ब्रॉंझ घेऊन गेला, त्याची बहीण पण टीममध्ये, कारण पोलोत बायका-पुरुष एकाच टीममध्ये खेळू शकतात. ही गोष्ट मला फार आवडते. आमच्या ऑफिसात मात्र लोक काय म्हणत होते माहितीये? अगदी दादाचंच वाक्य, मलय भाषेत.

दादाचा निम्मा मुद्दा खरा आहे हे मी मान्य करते. 2019 ला पोलोत देश होते चार. चारच! ब्रुनेई, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स. आणि सुवर्णपदकं दोन, एक 0 ते 2 गोलच्या टीम्ससाठी, एक 4 ते 6 च्या. (हे गोल म्हणजे हँडिकॅप, प्रत्येक खेळाडूला त्याच्या कौशल्यानुसार उणे 2 ते 10 असा आकडा असतो आणि चौघांची बेरीज म्हणजे टीमचा आकडा.) चार टीम्समधून तिघांना पदक मिळणार असेल तर त्याला स्पर्धा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच वर्षी फिलिपिन्सने 56 खेळ ठेवले आणि 149 सुवर्णपदकं घेऊन पहिला नंबर काढला. पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि मेनू फक्त आपल्याला आवडतो तोच, असं झालं ते.

पण दादा, "आपला खेळ नाही" हे तू कशावरून म्हणतोस? ब्रिटिश हा खेळ शिकले ते मणिपुरी लोकांकडून. मणिपूरमध्ये त्याला सगोल कांगजेई म्हणतात, एका बाजूला सात जण, छोट्या मणिपुरी घोड्यांवर. आसामातल्या सिलचरचा पोलो क्लब 1859 चा. खो-खोचे नियम आपल्या डेक्कन जिमखान्यावर 1914 ला बसवले, त्याच्या कितीतरी आधी! आणि मणिपूरमध्ये आजही हा खेळ साध्या घरातली पोरं खेळतात, बायकांच्या टूर्नामेंट होतात. हे घोडे मात्र कमी होत चाललेत, 2012 च्या पशुगणनेत जेमतेम 1,100. त्याची काळजी आपण पुण्यात बसून कधी केली? नाही केली, मी पण नाही, इथे आंपांगच्या पोलो मैदानावर मध्यंतरात प्रेक्षकांसोबत घोड्यांच्या टापांनी उखडलेली ढेकळं पायाने दाबताना पहिल्यांदा सुचलं मला की अरे हा आपल्याकडून आलेला खेळ आहे.

खेळ महाग होतो तो घोड्यांमुळे. दर चक्करला, म्हणजे सात मिनिटांच्या डावाला, घोडा बदलतात, म्हणजे चौघांना पंधरा-वीस घोडे लागतात, ते विमानातून कोण नेणार? म्हणून चार देश. पण पोलोच्या वर्ल्ड कपमध्ये यजमानच घोडे देतो आणि सगळ्या टीम्स त्यातलेच वापरतात. मल्टी-स्पोर्ट गेम्समध्ये पोलो ठेवायचा तर माझ्या मते हाच नियम पाहिजे, नाहीतर ठेवूच नका. इंफाळचा पोरगा आणि ब्रुनेईचा राजपुत्र एकाच पागेतल्या घोड्यांवर बसले तर ती मॅच बघायला मी रजा टाकून येईन.

2030 साठी मात्र मी दादाच्याच बाजूने, फक्त कारण वेगळं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, पुरुषांच्या 20 टीम्स, बायकांच्या 19, आपल्या पुण्याचा प्रतीक वाईकर कॅप्टन, दोन्ही फायनल नेपाळला हरवून आपण जिंकलो. 20 देश मॅटवर उतरतात कारण त्यांना बूट आणि प्रॅक्टिस एवढंच लागतं, तो "आपला" आहे म्हणून नव्हे. यातले कॉमनवेल्थमधले किती ते आधी मोजा (नेपाळ तर त्यात नाहीच!), आणि पुरेसे भरले तर खो-खो बिनधास्त घ्या. कबड्डीला पण हीच पट्टी लावा, आणि पोलोला पण. भाच्याला मात्र बोलू नकोस रे, त्याने चूक काही विचारलं नव्हतं.