कुंडी रिकामी नाही

आमच्या गॅलरीत आलेला पाहुणा आधी तळजाईची टेकडी बघतो, मग खाली कुणाची गाडी कशी लावली आहे ते बघतो, आणि शेवटी माझ्या कुंड्यांकडे बोट दाखवून म्हणतो, "या रिकाम्याच का ठेवल्यात?"

रिकाम्या नाहीत. पण हे पटवून देण्यासाठी पाहुण्याला गुडघ्यावर बसवावं लागतं, हातात भिंग द्यावं लागतं आणि, "तो नाही, तो विटेचा खडा. त्याच्या डावीकडे. नाही, तीही वीटच," असं दिशादर्शन करावं लागतं. एवढं करून ठिपका सापडलाच, तर पाहुणा उठताना गुडघ्याला हात लावून विचारतो, "हे किती दिवसांचं?" सात महिन्यांचं, म्हटलं की तो बायकोकडे बघतो. माझ्या नव्हे, स्वतःच्या.

सुरुवात एम्प्रेस गार्डनमध्ये झाली. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला आम्ही दरवर्षी जातो. मी बोन्साय बघतो, ही कुंड्यांचे भाव बघते, आणि येताना एक झाड आणतो जे होळीपर्यंत मरतं. त्या वर्षी हिने लाल टोपीचा निवडुंग घेतला. खाली हिरवा खांब, वर लालभडक गोळा. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की ही दोन वेगळी झाडं आहेत. लाल गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. म्हणून त्याला ड्रॅगनफ्रूटच्या जातभाईवर कलम करून बसवतात. तो खालच्याच्या जिवावर आयुष्यभर लाल राहतो. थोडक्यात, घरजावई.

घरजावयाविषयी वाचता वाचता रात्रीचा दीड वाजला आणि मी निवडुंगांच्या जगात पुरता रुतलो. आपण ज्याला सरसकट निवडुंग म्हणतो त्यातला थोर आणि शेर खरे निवडुंग नाहीतच. खऱ्या निवडुंगांचं माहेर अमेरिका खंड. रानोमाळ माजलेला आपला फड्या निवडुंगसुद्धा तिकडूनच आलेला. आणि तिकडच्या वाळवंटात असे निवडुंग आहेत की बघत राहावं. चिलीच्या अटाकामात बहुतांशी धुक्यावर जगणारा कोपियापोआ. मेक्सिकोत जमिनीत रुतून दगडाचं सोंग घेणारा एरिओकार्पस. टेक्सास आणि मेक्सिकोच्या सीमेवरचा अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास : आठ पाकळ्यांचा पाट, त्यावर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे पांढरे ठिपके, आणि काटा म्हणून एकही नाही. शेवटचे दोघे साईट्स नावाच्या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराला लगाम घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. म्हणजे वाघाच्या पंक्तीला.

हे दोघे आपल्या घरी वाढवायचे, असं मी ठरवलं. आईचा विरोध अपेक्षित होता. "काटेरी झाडं घरात आणू नयेत."

"याला काटे नसतात गं."

"मग निवडुंग कसला तो?"

हिचा प्रश्न जास्त व्यवहारी होता. "अहो, मोठंच झाड का नाही आणत?" मी समजावलं. मोठं झाड म्हणजे बऱ्याचदा रानातून उपटलेलं झाड. इटलीत २०२० साली एका माणसाकडे चिलीतून चोरून आणलेले हजारावर निवडुंग सापडले. त्यातले आठशेहून अधिक पुढच्या वर्षी विमानात बसवून परत पाठवावे लागले. २०१५ साली शास्त्रज्ञांनी निवडुंगाच्या १४७८ जाती तपासल्या, तर ३१ टक्के धोक्यात निघाल्या. तेव्हा सज्जन माणसाने बी पेरून वाढवावं. ही सगळं ऐकून म्हणाली, "विमानाने? आपण अजून नागपूरला रेल्वेने जातो."

बी एका हौशी माणसाकडून आलं. त्याच्या घरच्याच झाडांवर धरलेलं. अ‍ॅस्टेरियासला स्वतःचा पराग चालत नाही. दोन वेगळ्या झाडांना एकाच वेळी फुलं यावी लागतात आणि मग ब्रश घेऊन पुढची कार्यं आपणच उरकायची. पत्रिका जुळवण्यापेक्षा अवघड प्रकार. त्यामुळे वीस बियांना साडेचारशे रुपये पडले, ते मी घरी दीडशे सांगितले. एरिओकार्पसच्याही वीस घेतल्या. त्याने वर स्ट्रॉम्बोकॅक्टस नावाच्या तिसऱ्याच निवडुंगाच्या बियांची एक पुडी फुकट घातली होती.

आता माती. खरं तर मातीच नको. विटांचा चुरा, जाड वाळू, चिमूटभर कोकोपीट. विटांची चिंता नव्हती. आमच्या भागात सोसायटीमागून सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेल्यामुळे पिशवी घेऊन गेलं की वीट मिळते, फक्त वॉचमनला आपण वेडे नाही हे सांगावं लागतं. त्या चाळून, धुऊन घेतल्या. पण खरी मेख पुढे होती : हे मिश्रण निर्जंतुक हवं. एकही बुरशीचा कण राहता कामा नये.

रविवारी सकाळी ही भाजीला गेली असताना मी पाच लिटरचा कुकर काढला. खाली पाणी, वर भांड्यात वीट-वाळू, झाकण, शिट्टी. पहिली शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून अर्धा तास. पहिल्या पावसाचा वास घरभर पसरला. मार्च महिन्यात. आई देवघरातून बाहेर आली, आकाशाकडे बघून आली आणि मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "काय शिजतंय?"

"विटा."

तिने काही विचारलं नाही. नुसती परत जाऊन बसली आणि जपाचा आवाज जरा वाढवला. मी कुकर तीनदा घासला होता, हे आधीच नमूद करतो. तरीही बुधवारी वरणात कचकन काहीतरी लागलं आणि तिघांनी एकाच वेळी चावणं थांबवलं. तेव्हापासून घरात दोन कुकर आहेत. एकावर हिने मार्करने 'वाळू' लिहिलंय.

पेरणीच्या दिवशी मी शस्त्रक्रियेची तयारी केली. हात धुतले, टूथपिक ओली केली, ट्यूबलाइटखाली बसलो. अ‍ॅस्टेरियासचं बी त्यातल्या त्यात धिप्पाड असतं. चकचकीत तपकिरी, मध्ये पोकळ, उलट्या टोपीसारखं. टूथपिकच्या ओल्या टोकाला एकेक चिकटवायचं, वाळूवर ठेवायचं, वरून काही झाकायचं नाही, कारण त्याला उजेड लागतो. वीस टोप्या मी चार-पाचच्या रांगांत बसवल्या. एरिओकार्पसही बसले. मग फुकटची पुडी उघडली. स्ट्रॉम्बोकॅक्टसचं बी खसखशीपेक्षाही बारीक, जवळजवळ धूळच. मी श्वास रोखून पुडी कुंडीवर वाकडी करतोय, तेवढ्यात ही आत आली. "काय उकडतंय हो," म्हणून तिने पंखा लावला.

कोरड्या मेक्सिकोत उभ्या कड्यांच्या कपारीत वाढणारी ती अख्खी पिढी आमच्या हॉलच्या फरशीवर पसरली. दुसऱ्या दिवशी केर काढला गेला. विषय संपला.

बाकीच्या दोन कुंड्या झिपलॉकच्या पिशव्यांत घालून बंद केल्या. इथे गंमत अशी, की निवडुंगाला पाणी नको हे ज्ञान सगळ्या जगाला असतं, पण ते मोठ्या निवडुंगाचं. त्याचं बाळ पहिले काही महिने दमट पिशवीत, उबेत, आडोशाला ठेवावं लागतं. थेट ऊन लागलं की भाजतं, कोरडं पडलं की सुकतं, फार ओलं झालं की कुजतं. वाळवंटात हजारो बिया पडतात आणि एखादंच जगतं, याचं मला आधी वाईट वाटायचं. आता ते एखादं तरी कसं जगतं याचंच नवल वाटतं.

अ‍ॅस्टेरियास तिसऱ्याच दिवशी फुटलं! टोपी बाजूला सारून हिरवा, फुगीर मणी. वीसपैकी सोळा. मी पहाटे सहाला हिला उठवून दाखवलं. तिने एक डोळा उघडून, "छान आहे हं," म्हटलं आणि कूस बदलली. दोन्ही मुलांच्या वेळी मी हेच केलं होतं, असं नंतर तिने सांगितलं. एरिओकार्पसने दोन आठवडे घेतले. चौदा आले.

त्यानंतर काहीही झालं नाही. एप्रिलमध्ये झालं नाही, मेमध्ये झालं नाही. मी रोज सकाळी चहा घेऊन पिशवीपाशी बसायचो. ऑफिसात लोक शेअर्सचे भाव सांगायचे. मला काय सांगायला होतं? सग्वारो म्हणून जो सिनेमातला उंच, हात वर केलेला निवडुंग दिसतो, तो रानात पहिल्या आठ-दहा वर्षांत जेमतेम दीड इंच होतो, हे वाचून मी मनाची समजूत घालायचो. एरिओकार्पसला बियापासून फुलापर्यंत दहाएक वर्षं सहज लागतात. मी बावन्न. फूल निवृत्तीनंतर. एका जाणकाराने सुचवलं, रोपं ड्रॅगनफ्रूटवर कलम करा, भराभर वाढतील. पण घरात एक घरजावई पुरे.

पावसाळ्यात एक दिवस पिशवीत कापूस दिसला. पांढरा, तलम, एका मण्याभोवती. बुरशी. हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी फवारलं, बुरशीनाशक फवारलं, पण सकाळी जो मणी होता तो संध्याकाळी थेंब झाला. अक्षरशः पाणी. शेतकरी ज्याला मर म्हणतात ती हीच. आठवड्यात अ‍ॅस्टेरियास सोळाचे नऊ झाले. आमच्याकडे त्या दिवसांत जेवताना कोणी फारसं बोललं नाही, म्हणजे मी बोललो नाही. बाकीच्यांना मालिका होती.

सप्टेंबरअखेर पिशव्या थोड्या थोड्या उघडत रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावली आणि कुंड्या गॅलरीत आल्या. अ‍ॅस्टेरियासवर मी हिरवी जाळी बांधली. एरिओकार्पस भिंतीच्या आडोशाला. आणि दिवाळीत बारा दिवस देवगडला जायचं ठरलं.

झाडं समोरच्या अण्णांकडे सोपवली. अण्णा निवृत्त शिक्षक, चाळीस वर्षं मराठी शिकवलं. मी एक पूर्ण पान सूचना लिहून दिल्या : केव्हा, किती, कुठून फवारायचं, काय करायचं नाही. अण्णांनी पान घडी करून खिशात ठेवलं. "निश्चिंत जा."

परत आलो तर ते पान गॅलरीच्या दाराला चिकटवलेलं. लाल शाईने तपासलेलं. 'पाणि' मधला 'णि' दीर्घ केला होता, दोन अनुस्वार घातले होते, शेवटच्या वाक्यात क्रियापद सुचवलं होतं आणि खाली शेरा होता : 'आशय चांगला, फापटपसारा टाळावा.'

जाळी वाऱ्याने सुटून आमच्याच कपड्यांच्या दोरीवर जाऊन बसली होती. ऑक्टोबरच्या उन्हात अ‍ॅस्टेरियासची रोपं विटेच्या रंगाची होऊन आकसली होती. नवांतली चार ओळखू आली. आणि शेजारच्या कुंडीत, जिथे माझे चौदा एरिओकार्पस होते, तिथे दाट, कोवळी, हिरवीगार मेथी डोलत होती.

"कुंडी रिकामीच होती," अण्णा दारातून म्हणाले, "म्हटलं, बरी नाही दिसत. म्हणून मूठभर मेथी टाकली. छान आलीय, नाही?"

मी काय बोललो ते आठवत नाही. हिच्या म्हणण्याप्रमाणे मी, "हो, छान," म्हणालो. मेथी उपटली असती तर मुळांबरोबर सगळंच आलं असतं. म्हणून मिशीच्या कात्रीने मी एकेक काडी वाळूलगत कापायला घेतली. तासभर लागला. तळाशी पोचलो, भिंग लावलं, आणि ते तिथे होते. राखाडी-हिरवे, टम्म फुगलेले, साबुदाण्याएवढे. मी तीनदा मोजले. चौदाच्या चौदा.

मग आठवलं. रानात निवडुंगाचं बाळ एकटं उघड्यावर सहसा जगतच नाही. ते कुठल्यातरी झुडपाच्या सावलीत रुजतं. सग्वारोची पोरं पालो वर्देच्या झाडाखाली वाढतात, अ‍ॅस्टेरियास तिकडच्या काटेरी झुडपांच्या आडोशाला असतं. वनस्पतीशास्त्रात अशा सांभाळणाऱ्या झाडाला चक्क नर्स म्हणतात. हे सगळं मी मार्चमध्येच वाचलं होतं, खुणा करून. अण्णांनी काहीच वाचलं नव्हतं.

रात्री मेथीचे दोन पराठे झाले. दोनच, तेवढीच निघाली. एक आईने खाल्ला, एक अण्णांना दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अ‍ॅस्टेरियासची कुंडी दोन्ही हातांत धरून समोरची बेल वाजवली.

"अण्णा, यात कोथिंबीर टाकता का?"

अण्णांनी चष्मा लावला, कुंडी उजेडात धरली, बोटाने वाळू चिवडली. माझे चार जीव त्यांच्या नखापासून अर्ध्या सेंटीमीटरवर होते.

"टाकेन," ते म्हणाले. "पण तुमची ही माती काही खरी नाही. आधी शेणखत आणा."