तलावाला वास येतो म्हणून क्लोरीन बंद?

बहिणीने काल एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “पोरीला पोहायला पाठवू की नको?” त्यात म्हटलंय: पोहण्याच्या तलावाला उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, म्हणजे क्लोरीन जास्त झालंय, अशा पाण्यात उतरू नका, क्लोरीन बंद करून मीठ टाका, पाणी नितळ असलं की झालं, आणि क्लोरीन वापरायचंच तर बादलीत अ‍ॅसिडमध्ये कालवा, जोर वाढतो.

हे शेवटचं आधी घेते, कारण त्याने माणूस मरेल. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइटमध्ये (तलावात घालतात त्या क्लोरीनच्या रसायनात) अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता तोच. पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) उतरवायला तलावात अ‍ॅसिड घालतात आणि पीएच उतरला की क्लोरीनची मारकशक्ती वाढते, एवढं मान्य. पण दोन्ही वेगवेगळ्या वेळी घालायचं असतं. एका बादलीत कधीच नाही!

आता वास. नीट राखलेल्या तलावाला जवळपास वास नसतो. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी क्लोरीन जुळलं की क्लोरामाइन बनतात. वास त्यांचा, चुरचुरही बहुतेक त्यांचीच. म्हणजे क्लोरीन घाणीत खर्ची पडलंय आणि जंतू मारायला मोकळं फारसं उरलेलं नाही. नेमकं तेव्हाच ते बंद करायचं? अशा वेळी सगळ्यांना पाण्याबाहेर काढून क्लोरीनचा मोठा डोस द्यावा लागतो किंवा थोडं पाणी बदलावं लागतं. वास उग्र असेल तर उतरू नये, एवढं मात्र फॉरवर्डमधलं बरोबर आहे.

मिठाच्या तलावातलं यंत्र मिठापासून क्लोरीनच बनवतं. यंत्राशिवाय नुसतं मीठ टाकून काही होत नाही. नितळपणाचं म्हणाल तर जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची शिफारस सरळ आहे: मुक्त क्लोरीन (खर्ची न पडलेलं, मोकळं) किमान १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, सायन्युरिक अ‍ॅसिड (उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन) वापरत असतील तर किमान २, आणि पीएच ७.० ते ७.८. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी एवढ्या क्लोरीनमध्येही सात दिवसांहून जास्त तग धरतो, म्हणून जुलाब होत असताना कुणीच पाण्यात उतरू नये.

बहिणीला मी लिहिलं: पाठव, पण आधी तलावावर जाऊन विचार, आज मुक्त क्लोरीन आणि पीएच किती आला, कधी मोजला. आकडा सांगता आला नाही तर पोरीला घरी आण.