जायचं तर पूर्ण जा!

नेट जायचं तर एकदाचं पूर्ण जा की बाबा! निदान तक्रार तरी धडपणे करता येईल. हे आपलं येतं-जातं, येतं-जातं. मीटिंगमध्ये माझी बोलायची पाळी आली की हमखास गचकतं.

फोन करावा तर ‘सर, राउटर बंद करून चालू करा.’ अहो, तेच करतोय सकाळपासून! मी सांगतो, राउटरच्या पत्त्याला, १९२.१६८.१.१ ला, पिंग केलं (‘आहेस का?’ म्हणून हाक मारली) तर उत्तर येतंय, बाहेर गूगलच्या ८.८.८.८ ला केलं की ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, उत्तरच नाही. म्हणजे कॉम्प्युटर ते राउटर ठीक आहे, घोळ त्याच्या पलीकडे आहे. यावर शांतता. मग ‘सर, वायफाय ऑफ-ऑन केलं का?’ वायफाय नाहीये हो, लॅनची केबल लावलीय! तीही नवी. कॉम्प्युटरमधल्या नेटवर्क ॲडॅप्टरचं (नेट जोडणाऱ्या भागाचं) वीज वाचवायचं सेटिंगसुद्धा काढून टाकलंय. (ते मुळात चालू ठेवून देण्याची अक्कल कुणाची, देव जाणे.)

शेवटी माणूस येतो, आणि तो आला की नेट कसं गुणी बाळासारखं चालतं! ‘सगळं ओके आहे काका,’ म्हणून तक्रार बंद. काका म्हणे! तो जिना उतरतो न उतरतो तोच पिंग पुन्हा अडकलं.