सुन्याला वाघ दिसला नाही

दांडेलीहून आल्यापासून सुन्याचं एकच तुणतुणं, जीपचे पैसे पाण्यात गेले. बेळगावच्या शहापुरातला आमचा कट्टा हे ऐकून कंटाळला होता.

"व्याघ्र प्रकल्प म्हणे! काळी नदी तेवढी दिसली," सुन्या म्हणाला. पुण्याला नोकरी लागल्यापासून त्याला सगळ्याची गॅरंटी लागते.

"आणि धनेश?" परशानं विचारलं.

"पक्षी काय, आमच्या सोसायटीतपण येतात."

हे मला लागलं, कारण ते धनेश मी बघितले होते. झाडाच्या ढोलीचं तोंड लिंपून टाकलेलं, मधे बारीक फट. आत मादी बसलेली. नर यायचा, नरड्यातून एकेक फळ वर काढायचा, चोचीच्या टोकाला धरून फटीत सारायचा. पिल्लं मोठी होईपर्यंत तिचं सगळं खाणं त्या फटीतून. आणि त्या वेळी सुन्या जीपवाल्याला विचारत होता, वाघ किती वाजता येतो!

बाळूनं लगेच आंबोलीच्या सहलीचा विषय काढला. तिथं पायाला जळू लागली म्हणून सुन्या दिवसभर गाडीतून उतरला नव्हता, आणि टेम्पोच्या भाड्यातला त्याचा वाटा अजून यायचाय. सुन्या तापला.

"जंगलात माणसं आहेत तोवर वाघ दिसणार कसा? आपलं भीमगडच घ्या. अभयारण्य होऊन किती वर्षं झाली? २०११ ना? आता कुठं आतलं तळेवाडी गाव हलालीय. घरटी पंधरा लाख देतायत, आणखी काय पाहिजे?"

परशाची आत्या त्याच जंगलातल्या गवाळीत दिलेली. तो सावकाश बोलला.

"पंधरा लाखात खानापूरजवळ शेत किती येतंय, विचारून ये. पावसात आत्याला ताप आला तर खाटेवर घालून चिखलातून आणायचं. रस्ता मागितला की जंगल आडवं येतं. तुझी जीप जायची म्हटलं की तेच जंगल बाजूला सरकतंय."

"खरं परशा," अण्णा म्हणाले, "तरण्या पोरांना बाहेर यायचंय की. शाळा नको, दवाखाना नको?"

"येऊ देत की अण्णा. ज्याला यायचंय त्यानं खुशाल यावं. खरं नको म्हणणाऱ्याला लाईट-रस्ता न देता कंटाळवायचं आणि मग सही घ्यायची, ह्याला संमती म्हणत नाहीत. वनहक्क कायदा २००६ चा आहे, त्यात ग्रामसभा कशाला घातलीय?"

"आणि गोव्यातल्या सत्तरीत २०२० ला चार वाघ विषानं मेले, ते?" सुन्याला मुद्दा सापडला. "गावातल्यांचंच काम होतं ना?"

"वाईटच झालं. खरं वाघानं गुरं मारली होती त्यांची. भरपाई वेळेत हातात पडली तर विष कोण घालतंय?"

अण्णांचं शाळा-दवाखान्याचं म्हणणं खरं आहे, तरी मी परशाच्या बाजूचा. म्हादई नदी ज्या रानात उगवते ते रान ह्या देगाव-गवाळीच्या लोकांच्या डोळ्यांदेखत टिकलंय. बाहेर यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, आम्ही जीपमधून नाही.

बाळूला एवढा वेळ गंभीर बसवत नाही. "वाघ सोडा रे. कृष्णापूरकडं बारापेडे गुहा आहेत. लांब कानांचं, मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ जगाला पहिल्यांदा तिथंच सापडलं. १९१३ ची नोंद आहे."

"वटवाघूळ?" सुन्या म्हणाला. "ते तरी नक्की दिसेल काय?"

"तुला नाही न्यायचं तिथं," परशा म्हणाला. "तुझी बडबड ऐकून सगळी गोव्यात पळतील. आधीच गोव्याशी म्हादईच्या पाण्यावरनं भांडण, त्यात वटवाघळांची केस कोण लढवणार?"

अण्णांना हसता हसता ठसका लागला. सुन्याही हसला, आणि बाळूनं तेवढ्यात टेम्पोच्या पैशासाठी हात पुढं केला.