दाखवायचं कशाला?

आज सकाळी आईचं बीपी तपासायला कोथरूडमधल्या एका दवाखान्यात गेले होते. काउंटरच्या काचेवर, 'चपला बाहेर काढाव्यात'च्या खाली, इंद्रधनुष्याच्या रंगांचं एक छोटं स्टिकर होतं, समलिंगी आणि ट्रान्सजेंडर माणसांचं इथे स्वागत आहे असं सांगणारं. पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरासं मोठं. शेजारी बसलेले काका ते बघून मोठ्यांदा म्हणाले, "यांचं जे काय असेल ते घरात करावं ना, सगळीकडे दाखवायचं कशाला?" दोघातिघांनी माना डोलावल्या. आई सोबत होती म्हणून मी गप्प बसले. घरी आल्यापासून त्या गप्प बसण्याचाच जास्त राग येतोय.

काका, दाखवत कोण नाही? चौकात लग्नाचे फ्लेक्स लागतात. फुलांनी सजवलेल्या गाडीवर दोघांची नावं लिहून वरात निघते. नव्या सुनेला पन्नास माणसांत उखाणा घ्यायला लावतात. वटपौर्णिमेला भर रस्त्यातल्या वडाला दोरे गुंडाळून आपण सात जन्म तोच नवरा मागतो. मंगळसूत्र घालून मीही रोज दाखवतेच की! त्याला संस्कृती म्हणायचं आणि तिकिटाएवढ्या कागदाचा मात्र त्रास होतो?

माझा आतेभाऊ आहे. नाव लिहीत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. झोप उडाली होती त्याची. डॉक्टरांशी बोलायचं ठरवून दवाखान्यापर्यंत गेला, बाहेर तीन चकरा मारल्या, समोरच्या टपरीवर चहा प्यायला आणि घरी परत आला. आत कोण बसलंय, ऐकून घेईल की "लग्न कर, सगळं ठीक होईल" म्हणेल, की आत्याला फोन लावेल, हे बाहेरून कसं कळणार? मला हे त्याने आठ महिन्यांनी सांगितलं. आठ महिने तो तसाच होता.

ते स्टिकर त्या तीन चकरांसाठी असतं हो!

कायदा बदलला, माहितीये. २०१८ मध्ये ३७७ चा तो भाग गेला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा माणसांना 'बदलून देण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. पण दारात उभ्या असलेल्या पोराला त्यातलं काय दिसतं? त्याला पाटी दिसते, काच दिसते.

जूनमध्ये, म्हणजे 'प्राइड' महिन्यात, लोगो इंद्रधनुषी रंगवून जुलैत पुसणाऱ्या कंपन्या आहेत, मान्य. स्टिकर लावून आत माणूस वाईट वागला तर उपयोग शून्य, तेही मान्य.

काका तसे वाईट नसावेत. आईला खुर्ची त्यांनीच दिली, पाणीही आणून दिलं. त्यांच्या घरातही एखादा भाचा, एखादी पुतणी असेल, आणि काकांचं आजच्यासारखंच एखादं वाक्य ऐकून तिने कायमचं तोंड मिटलं असेल. हे मनात आलं आणि पुन्हा डोकं तापलं. कारण असं वाक्य आमच्याही घरात जेवताना सहज बोललं जायचं. आतेभाऊ समोर बसून वरणभात कालवत असायचा.

निघताना त्या काचेचा फोटो काढला आणि त्याला पाठवला. आता अडतीस वर्षांचा आहे तो, चांगल्या नोकरीत आहे. मला वाटलं, बदाम पाठवेल.

दुपारी उत्तर आलं. "पत्ता पाठव."