हप्ता कितीचा ते सांग

शनिवारी रात्री कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर आम्ही नेहमीचे पाच जण. समोर म्हशीची धार चाललेली, ग्लास हातात आला की वर दोन बोटं फेस. टीसीएस या आयटी कंपनीनं केलेल्या 12 हजारांच्या नोकरकपातीवरनं विषय निघाला आणि आप्पांच्या थोरल्यावर येऊन अडकला.

पोराला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच पाहिजे. कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत पुणं हुकलं, कोल्हापुरातलं मिळतंय. पण कुणीतरी आप्पांच्या डोक्यात पुण्याची मॅनेजमेंट कोट्यातली सीट भरवलीय. कर्ज 8 लाखांचं. आप्पांनी खिशातनं बँकेच्या कागदांची घडी काढली. मधे सातबारा होता. तो बघून मला कसंतरीच झालं. मी चुलतभावाच्या शिक्षणकर्जाला जामीन आहे. त्याचा हप्ता चुकला की फोन मला येतो, आणि त्या दिवशी जेवण जात नाही.

"आप्पा, विचार कसला करालाय? घालून टाका पुण्याला," संग्राम सुरू झाला. "माझा मेव्हणा हिंजवडीत हाय. 18 लाखांचं पॅकेज!"

"दिवाळीत 14 होतं की रं," दीपाली म्हणाली. "आणि पॅकेज सांगू नकोस. हातात किती येतंय ते सांग, आणि हप्ता कितीचा ते सांग."

दीपाली आमच्या पेठेतली, पुण्याला आयटीत. सुट्टीला आली की कट्टा चुकवत नाही. तिनं मोबाईल काढून 5 तारखेचा मेसेज आप्पांच्या डोळ्यासमोर धरला. हप्ता कापून गेल्याचा.

"मी लागलो तवा 3.36 लाखांचं पॅकेज. पीएफ, इन्शुरन्स, व्हेरिएबल वजा जाऊन हातात 25 हजारांच्या आतबाहेर. मोठ्या कंपन्यांचा फ्रेशरचा आकडा दहा-बारा वर्षं तिथंच घुटमळालाय. फी थांबल्याली बघितलीय कुणी?"

मग कॅल्क्युलेटर उघडला. वर्षाला 2 लाख, चार वर्षं. व्याज 10 टक्के धरलं. शिकताना आणि वर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. सरळव्याजानंच 2 लाख 80 हजार होतात.

"म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी तुमच्या डोक्यावर 8 न्हाई, 10 लाख 80 हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला 14 हजारांच्या वर. 25 मधनं हे गेल्यावर उरल्यात पोरगं पुण्यात ऱ्हाणार, खाणार, का गावाकडं यायला एस्टीचं तिकीट काढणार?"

आप्पा बोटांवर मोजत राहिले.

"सहा महिन्यात कंपनी बदलायची, डबल पगार!" संग्रामचा आवाज पार चौकात गेला.

"तू फुटबॉल खेळायला तीन तालमी बदललास. एक तरी गोल झाला का?" दीपालीनं विचारलं.

झालं. शाहू स्टेडियमवरची ती पेनल्टी निघाली. बाळू तर उठून उभा राहिला, बॉल कुठनं कुठं गेला ते दाखवायला. संग्रामचं म्हणणं तेच, वारं होतं. पेनल्टीला वारं! दहा मिनिटं त्यातच गेली.

बाळूचं उद्यमनगरात वर्कशॉप. तो म्हणाला, "माझ्याकडं व्हीएमसी मशीन चालवणारं पोरगं 22 हजार घेतंय. कर्ज शून्य."

"पाच वर्षांनी किती घेईल?" दीपालीनं विचारलं.

बाळू जरा थांबला. "28 धर."

"मी पाच वर्षांत 70 वर गेलो. म्हणून डिग्री नको असं मी म्हणतच न्हाई, बाळूदा. डिग्री घ्यावी. महागातली सीट घेऊ नये."

माझंही अगदी हेच म्हणणं आहे, म्हणून मी मधे पडलो. कॅपमधनं प्रवेश घेतला आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं तर आप्पांना राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत निम्मी फी माफ होते. मॅनेजमेंट कोट्यात ती सवलत मिळत नाही. शिवाय कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक बहुधा तारण मागते. तो सातबारा खिशात आला तो त्यापायीच. शाहू महाराजांनी 1901 ला बोर्डिंग काढली, 1917 ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. दसरा चौकात त्यांच्या पुतळ्यावरनं आप्पा रोज जातात. त्यांच्या नावाची सवलत सोडून रान गहाण टाकायचं, हे मला बघवत नाही.

"घरचं खाऊन शिकंल," बाळू म्हणाला.

"आणि धाकटीचं काय?" दीपालीनं विचारलं.

"तिची बारावी पुढल्या वर्षी. सायन्स हाय. करंल बी.एस्सी. जवळपास कुठंतरी."

"मार्क?"

"थोरल्यापेक्षा बरं हाईत," आप्पा हळूच म्हणाले.

"आप्पा, तुमचा दाखला एसईबीसीचा, मराठा आरक्षणाचा हाय न्हवं? 2024 पासनं असल्या घरातल्या पोरींना इंजिनिअरिंगची शिक्षण फी, परीक्षा फी पूर्ण माफ हाय. कॅपमधनं जायचं फक्त. पोराच्या सीटसाठी रान गहाण टाकालाय, आणि जिची फी सरकार भरतंय ती बी.एस्सी.ला?"

कुणी बोललं नाही. संग्रामसुद्धा. आप्पांनी सातबारा घडी घालून परत आतल्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "तिला इचारलंच न्हाई मी."

एवढा वेळ खाली मान घालून धार काढणारा गवळी तेवढ्यात म्हणाला, "कर्ज माझ्या म्हशीवर बी हाय. पण ती घरात आल्या दिवसापासनं दूध देती, पाच वर्षं थांबा म्हणत न्हाई."

आप्पाच पहिल्यांदा हसले. मग सगळेच. बाळूच्या नाकात दूध गेलं, संग्राम त्याच्या पाठीवर बुक्क्या घालत "गवळ्याला प्राध्यापक करा रे" म्हणून ओरडत होता. गवळ्यानं पाच ग्लासांचे पैसे मागितले.

दीपालीनं संग्रामकडं बोट केलं. "त्याच्या मेव्हण्याकडनं घ्या. 18 लाख हाईत."